चाचाचं ‘नाई’ आन माही मुखत्यारी

‘नाई’ हा शब्द या जगात पयल्यांदा कोण बोललं, याचा शोध घ्यायले कोणी निघालं असतं तं त्याले शेवटी आलापल्लीले उतरून आरामशीनच्या समोरच्या खाटेपर्यंत यावंच लागलं असतं. तिथी आमचे चाचा बसलेले दिसले असते, आन ‘चाचा, हा शब्द तुमीच काढला ना?’ असं विचारलं असतं तं त्यायनं पयले ‘नाई’च म्हटलं असतं. चाचा माह्या रक्ताचे कोणी नव्हते. आमच्या घरासमोर राहत, आरामशीनवर सागाचे ओंडके चिरत, आन साऱ्या गल्लीचे चाचा होते, म्हणून माहे बी चाचा.

त्यांच्या ‘नाई’त किती जाती होत्या हे मले जेवढं माहीत तेवढं कोणाले नसन, कारण गावात माहा धंदाच नकलेचा होता. म्हणजे शिक्षण चालू होतं असं घरी समजत होते, पण गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या वरातीत लोक मले नकल्या म्हणूनच बोलवत. चाचाची नक्कल हा माहा हुकमी आयटम होता. चहा पुसला का त्यांचा ‘नाई’ मऊ यायचा, शेवटाले जरासा वर उचललेला, त्याचा अर्थ असा का अर्धा कप चालन पण साखर बरोबर टाक. लाकडाचा भाव पाडायले कोणी आलं का ‘नाई’ नाकातून यायचा आन तिथीच फिरत राहायचा, मच्छरासारखा. आन साहेबासमोरचा ‘नाई’ वेगळा. त्यासाठी चाचा खाटेवरून उठून दोन्ही पाय जुळवत, लुंगी सारखी करत, मंग म्हणत. एकदा गणपतीच्या स्टेजवर मी हा साहेबवाला ‘नाई’ काढला आन पाह्यतो तं चाचा पयल्याच रांगेत. दुसऱ्या दिवशी मले बोलावून घेतलं. मले वाटलं आता कानाखाली बसते. तं म्हणे, “अबे, माहा नाई इतका पातळ हाय का? पोटातून काढ. पुन्हा म्हण.” आन मी बरोबर म्हणेपर्यंत त्यायनं मले सोडलं नाई. तालमीले असा मास्तर कोणत्या नकल्याले भेटला नसन.

दुसरी सवय म्हणजे ठोकून पाहायची. सागाचा ओंडका आतून भरला हाय का पोकळ, हे चाचा बोटाच्या हाडानं टकटक करून सांगत, आन ती सवय त्यायनं साऱ्या संसाराले लावली होती. टरबूज ठोकत, भिंत ठोकत, एसटीत चढायच्या आधी एसटीचा पत्रा ठोकत आन कंडक्टरकडे असं पाहत का तो बिचारा दिवसभर गाडीत काई मोडलं हाय का ते शोधत राहायचा. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले नाईत. “ज्याच्या अंगात एका बी सालाची रेघ नाई, त्याच्यावर माणसानं काऊन बसावं?” म्हणत. त्यांच्या पोरीले, म्हणजे नजमाआपाले, पाहायले पाहुणे आले तवा चाचानं नवरदेवाले गळ्याशी लावलं आन त्याच मिठीत त्याच्या पाठीवर टकटक करून घेतलं. मंग आत येऊन चाचीले म्हणे, “पोकळ हाय. नाई.” पण चाची रडली, नातेवाईक बसून राह्यले, आन साऱ्या आयुष्यात चाचा त्या एकाच दिवशी ‘हो’ म्हणले. वर्ष पुरं व्हायच्या आत आपा शिलाई मशीन घेऊन परत आली ते इथीच राह्यली. त्याच्यानंतर चाचाच्या तोंडून ‘हो’ कोणी ऐकला नाई. मी तं नक्कल करायले बी ऐकला नाई.

आता अंगठ्याची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सारं त्या अंगठ्यानंच केलं. आधी चाचा अडाणी होते. मजुरीच्या दिवशी मुनीम त्यांचा अंगठा धरे, शाईत बुडवे आन कागदावर दाबे, जसा काई तो अंगठा मुनीमच्याच घरचा हाय. मंग शाळेच्या ओसरीत साक्षरतेचे वर्ग चालू झाले. आरामशीन बंद झाली का चाचा दाढीतला भुसा झटकत पाटी घेऊन जाऊन बसत. गल्लीतली पोरं हसत, मीबी हसलो. पण ज्या दिवशी त्यायले सही आली त्या दिवशी त्यायनं चौकात घासलेट मागवलं, साऱ्यांसमोर अंगठ्याची शाई घासून काढली आन सांगून देलं, “आजपासून हा अंगठा फक्त तंबाखू मळायले. सरकार आलं, मुनीम आला, बादशा आला, कागदावर हा उमटणार नाई.” साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या आन ‘चाचाचा अंगठा बंद’ ही गावात गंमतच होऊन गेली. राशनच्या दुकानात बी कोणाले सही करायले सांगितली का तो म्हणे, ‘सही करायले मी का चाचा?’

सही बी काय सही. सुरुवातीले दोन-चार अक्षरं बरी चालत आन मंग शेपटी निघे, करवतीच्या दातासारखी, कागद संपेपर्यंत. चाचानं ती फळ्यांवर केली, दारावर केली, माह्या क्रिकेटच्या बॅटवर केली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. डेपोतून सागाचा ओंडका निघाला का त्याच्यावर जंगलखात्याच्या हातोड्याचा छाप पाहिजे, नाईतं नाका त्याले सोडत नाई. तसा माणसाले सहीचा छाप पाहिजे. बिनाछापाचं लाकूड चोरीचं, बिनासहीचा माणूस बी चोरीचाच.

विमा त्यायनं याच पायी काढला. एजंट आला तवा चाचानं रिवाजाप्रमाणं पयले ‘नाई’ म्हटलं. “मी मेल्यावर पैसे भेटतीन तं मले कसं कळन का भेटले? नाई.” एजंट बी चिकट होता. त्यानं फॉर्म उलगडला आन म्हणे, “बरं, घेऊ नका. घेतला असता तं इथी सही लागली असती, इथी बी, आन या मागच्या पानावर तं पुरी मोठी.” चाचा फॉर्मकडे असे पाहत राह्यले जसा कोणी मिठाईकडे पाहते. ‘हो’ काई म्हणले नाईत, नुसता पेन घेतला. साऱ्या सह्या झाल्यावर पुसते झाले, “आणखी कुठी?” एजंट म्हणे, “झालं, चाचा.” तं चाचाचं तोंड एवढंसं झालं. वारस म्हणून चाचीचं नाव टाकलं.

मंग चाची गेली. वारसाच्या नावाची कोणाले आठवण राह्यली नाई, अशा वेळी कोणाले राहते? आन त्याच्या मांगं चाचाले लकव्यानं गाठलं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, डोकं साबूत हाय, सारं समजते, पण बोलणं किती परत येईन ते सांगता येत नाई. परत आलं ते एकच. आपानं तोंडाशी पेज नेली आन चाचा साफ, खणखणीत म्हणले, “नाई.” आपा हसता हसता रडायले लागली. बाकी सारे शब्द गेले होते, हा एकटा खुंटा धरून उभा होता.

तिथून माह्या नकलेले खरं काम लागलं. कोणता ‘नाई’ भुकेचा, कोणता चिडीचा, कोणता ‘खाट उन्हातून सरकव’वाला, हे मलेच कळत होतं. आपा मले आवाज देई, “बाबू, जरा ये रे, अब्बा काय म्हणून राह्यले?” मी जाऊन ऐके आन चाचाच्याच आवाजात पुरं वाक्य बोलून दाखवे. बरोबर असलं का चाचा डोळे मिटत. चूक असलं का, तुमाले माहीतच हाय, काय म्हणत ते.

विम्याचा हप्ता भरायले आपानं मले चंद्रपूरले पाठवलं. काउंटरवरच्या बाबूनं कागद पाह्यले आन म्हणाला, “यात तं बायकोचं नाव हाय. ती वारली ना? मंग मुलीचं नाव लावून घ्या. उद्या यांचं काई झालं आन नाव असंच राह्यलं, तं पोरीले कोर्टातून वारसपत्र आणा लागन. त्यात एखादा नातेवाईक आडवा झाला का फिरा मंग वर्षानुवर्ष. आन तू कोण?” मी म्हटलं, “समोर राहतो.” तो म्हणे, “समोर राहणाऱ्याले आमी काई देत नाई. मुखत्यारपत्र आण, मंग बोल.”

आडवा होणारा नातेवाईक कोण, हे आमाले सांगायची गरज नव्हती. चाचाचा पुतण्या चंद्रपुरात टायरचं दुकान चालवे. लकव्याची खबर लागल्यापासून त्याले काकाची माया सुटली होती, आन एसटीडीवरून फोन करून तो तब्येतीच्या आधी पॉलिसीचं पुसे. आपाजवळ एक शिलाई मशीन आन बाप, एवढंच होतं. घर बी आरामशीनवाल्याचं.

म्हणून मी चाचाले काळी-पिवळीत बसवून अहेरीले वकिलाकडे नेलं. वकीलसाहेब भले माणूस. त्यायनं मुखत्यारपत्र वाचून दाखवलं: हप्ता भरणं, कागद नेणं-आणणं, ऑफिसात चाचातर्फे बोलणं, हे सारं या पोरानं करावं. मंग कायद्याप्रमाणं पुसलं, “चाचा, हे तुमी खुशीनं देऊन राह्यले ना?”

चाचा म्हणाले, “नाई.”

वकिलानं पेन ठेवला. मी म्हटलं, “साहेब, हा खुशीचाच नाई हाय.” वकील म्हणे, “असा नाई माह्या पुस्तकात नाई.” मंग थोडा इचार केला आन त्यायनंच सवाल उलटा केला. “या पोरानं तुमचं काम पाह्यलं तं तुमची काई हरकत?” “नाई.” “कोणी जबरदस्ती केली?” “नाई.” “याच्यावर काई शक?” इथी चाचानं माह्याकडे पाह्यलं, अंमळ जास्तच वेळ पाह्यलं, आन मंग म्हणाले, “नाई.” वकील खूश. त्यानं शाईचं पॅड समोर सरकवलं. “उजवा हात चालत नाई ना, मंग डाव्याचा अंगठा द्या.”

चाचानं पाय जुळवले. एक पाय चालत नव्हता तं मले डोळ्यानं सांगून जुळवून घेतला. आन पोटातून म्हणाले, “नाई.”

तो साहेबवाला होता. मी चाचाले उठवलं आन घरी घेऊन आलो, कारण त्याच्यापुढं बोलण्यासारखं काई राहत नाई.

आता पाहा पेच कसा. सही करता येत नाई म्हणून मुखत्यारपत्र पाहिजे, आन मुखत्यारपत्राले सही पाहिजे. गल्ली साऱ्या बाजूनं समजावून थकली. मीबी चिडलो. म्हटलं, “चाचा, एक अंगठा. पोरीसाठी.” चाचानं डोळ्यानं फळीकडे दाखवलं, छिन्नीकडे दाखवलं. ध्यानात यायले मले अर्धा दिवस लागला. त्यायले सागात आपली सही कोरून पाहिजे होती, हातोड्याच्या छापासारखी. मी कोरत होतो आन चाचा दर दातावर ‘नाई’ म्हणत होते. शेवटी झक्कास ठप्पा झाला. तो घेऊन मी एकटाच वकिलाकडे गेलो. वकील म्हणे, “अरे, हा कोणी चोरला तं?” मी तिथंच चाचाचा आवाज लावला. “वकीलसाब, जंगलखात्याचा हातोडा चोरीले जात नाई का? मंग सरकार त्याच्या छापावर लाकूड काऊन पास करते?” वकील खूप हसला, मले चहा पाजला, आन ठप्पा परत देल्ला.

त्याच हप्त्यात पुतण्या आला. सोबत सोनपापडीचा डबा, टाइप केलेला कागद आन शाईचं पॅड. कागदात मुखत्यार तो स्वतः, आन पॉलिसी मोडून पैसे उचलायचा अधिकार बी त्याचाच. मले पाहून म्हणे, “चाचा, घरचा माणूस असताना हा नकल्या काऊन?” आन त्यानं पॅड उघडून चाचाचा डावा हात हातात घेतला. चाचानं अंगठा आत टाकून मूठ बंद केली. बस. पुतण्या हसला, चुचकारलं, एकेक बोट सोडवून पाह्यलं. ज्या हातानं जन्मभर ओंडके फिरवले त्याचा जोडीदार होता तो, सुटते का? जेवायची वेळ झाली, चाचानं मूठ उघडली नाई. आपानं घास भरवला. पाणी पाजलं. पुतण्या समोर बसलेला, मूठ समोर बसलेली.

मंग तो ओसरीत आला आन आपाले गमतीवारी म्हणे, “झोपतीन ना कवा तरी. तवा उमटवून घेईन, काय करतीन?”

आपा मशीन चालवत होती, पाय थांबवला नाई. म्हणाली, “घे ना भाईजान. खुशाल घे. पण आलापल्लीत कोणाले बी पुस, अब्बानं अंगठा कवा बंद केला ते. तुह्या कागदावर अब्बाचा अंगठा दिसला का नाक्यावरचा चौकीदार बी म्हणन, हा माल चोरीचा हाय.”

पुतण्यानं दाराबाहेर पाह्यलं. बाहेर गल्लीतले दोन-चार जण सहज उभे होते, मीबी सहजच उभा होतो. त्यानं कागद घडी केला, पॅड बंद केलं, आन जातानी सोनपापडी परत घेऊन गेला. तवा मले समजलं का ज्या हट्टावर आमी सारे इतकी वर्ष दात काढत होतो, तो हट्ट म्हणजे या घराच्या दाराले लावलेलं कुलूप होतं. आन त्याची किल्ली आमीच चाचाजवळून मांगत फिरत होतो.

पुतण्या गेल्यावर चाचानं मूठ उघडली. तळव्यात नखाचे वळ उठले होते. त्यायनं त्याच हातानं खडू मांगला.

तिथून गल्लीचा रंगच बदलला. चाचा डाव्या हातानं सही गिरवायले लागले. फळ्यांवर, भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर. पयले पयले तं अशी दिसे जसा चिखलातून खेकडा गेला. करवतीचे दात उलट्या बाजूनं पडत. चाचा पाहत, ‘नाई’ म्हणत आन आपाले पुसून टाकायले लावत. मशीनवर चिरायले आलेले ओंडके सह्या घेऊन जात. आन एका दुपारी त्यायनं दारावर सही केली, मांगं सरकून पाह्यली, आन काईच बोलले नाईत. आमी वाट पाहत राह्यलो. ‘नाई’ काई आला नाई. आपानं मले म्हटलं, “जा, गाडी सांग.”

अहेरीले मुखत्यारपत्र झालं. वारस बदलायच्या फॉर्मवर मुखत्याराची सही चालत नाई, पॉलिसीवाल्याचीच लागते, तं ती बी तिथीच झाली. सह्या झाल्यावर चाचानं वकिलाच्या टेबलावर नजर फिरवली, आणखी कुठी हाय का म्हणून. डॉक्टरचा दाखला जोडला, हेडमास्तरनं साक्ष घातली, आन मी चंद्रपूरले गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. बाबूनं जुनी सही आन नवी सही शेजारी ठेवली. “जुळत नाई.” माह्या पोटातून आपोआप चाचा निघाले. “बाबूसाब, झाड तेच हाय. फांदी दुसऱ्या बाजूची हाय.” रांगेतले लोक हसले. बाबू नाई हसला, पण उठून आत साहेबाकडे गेला. साहेबानं दाखला वाचला, साक्ष वाचली, आन नवी सही नोंदवून घेतली. चाचीच्या नावावर रेघ पडली आन त्याच्या खाली नजमा आलं.

त्याच्यानंतर मी मुखत्यार म्हणून मिरवलो. हप्ता भरायले जातानी पोरायले सांगे, “चाचातर्फे जाऊन राह्यलो.” आवाजाचा मुखत्यार मी आधीच होतो, कागदानं नुसती पक्की पावती देल्ली.

मोह फुलायच्या दिवसात चाचा गेले. समोर मशीन चालू होती, भुसा उडत होता. मी पुसलं, “चाचा, चहा?” ते म्हणाले, “नाई.” तोच मऊ, शेवटाले उचललेला. म्हणून मी चहा सांगायले गेलो, साखर बरोबर टाक म्हटलं, आन घेऊन आलो तं चाचा खाटेवर तसेच टेकून होते. डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या आत होता.

आपाले घेऊन मी पुन्हा चंद्रपूरच्या काउंटरवर गेलो. मुखत्यारपत्र पुढं केलं. बाबूनं या वेळी नरमाईनं सांगितलं, “हा कागद आता चालत नाई, पोरा. ज्यानं देल्ला तो गेला, त्याच्यासोबत हा बी संपला. आता फक्त मुलीची सही.” मंग त्यानं आपाच्या डोक्यावरच्या पदराकडे पाह्यलं, काय समजायचं ते समजला, आन शाईचं पॅड सरकवलं.

आपा म्हणाली, “नाई.”

पोटातून. दोन्ही पाय जुळवून. मी इतकी वर्ष गणपतीत टाळ्या घेतल्या, पण त्या दिवशी कळलं का मी फक्त नकल्या होतो. बाबूनं गुपचूप पेन देल्ला. आपानं सही केली, शेवटाले करवतीचे दात, कागद संपेपर्यंत.

परत येतानी एसटीत आपा खिडकीशी बसली होती. बल्लारशा गेल्यावर म्हणाली, “बाबू, एकदा चहावाला काढ ना.” मी काढला. ती हसली. मंग भाववाला, मंग साहेबवाला. कंडक्टर मांगं वळून पाहे आन मी थांबत नव्हतो. मंग तिनं पदर तोंडावर ओढून घेतला, तरी मी काढतच राह्यलो, हळूहळू, जंगल लागेपर्यंत.

तो संपलेला कागद अजून माह्या पेटीत हाय, सागाच्या ठप्प्याजवळ. घरचे म्हणतात, आता काय कामाचा, फेकून दे. मी त्यायले काय म्हणतो ते तुमाले सांगायची गरज नाई, आन कोणाच्या आवाजात म्हणतो ते बी नाई.